घोड्याच्या मानेवरची चरबी ही तब्येत नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेच्या आणि तिथल्या घोडेबाजाराच्या बातम्या आपल्या अंकात दरवर्षी येतात आणि मी त्या शब्दन् शब्द वाचतो. यंदाही एका घोड्याचा रंगीत फोटो होता. शेजारी चौकटीत त्याची किंमत, उंची, अंगावरच्या शुभ खुणा आणि मग नेहमीचा 'खुराक' : दूध, गावरान तूप, अंडी, बदाम, गूळ, हरभरा, बाजरी. फोटोतल्या घोड्याच्या मानेवरून माझी नजर हटेना. आयाळीच्या मुळाशी मान फुगून एका बाजूला कलली होती. पाठीच्या कण्यावर पन्हळ पडली होती आणि शेपटीच्या बुडाशी चरबीचे दोन उंचवटे दिसत होते. चौकटीत त्याला 'दणकट' म्हटलं होतं. माझ्या लेखी ते घोडं पाय जखडण्याच्या आजाराच्या वाटेवर होतं. हे कुणीतरी छापील अक्षरांत सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

मी पेशानं नालबंद, घोड्यांचे खूर तासून नाल ठोकणारा. सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये ही विद्या शिकलो. निवृत्तीनंतर दोंडाईचा, शहादा, शिरपूर या भागात घोड्यांचे पाय बघतो. वरातीची घोडी, नाचाची, रेवाल चालीची, हौसेनं पाळलेली मारवाडी आणि काठेवाडी, सातपुड्याच्या पाड्यांवरची ओझ्याची तट्टं, सगळ्यांचे खूर हातात घेतले आहेत. मी डॉक्टर नाही आणि रोगाचं निदान करणं माझं काम नाही. पण या एका रोगाची पहिली निशाणी खुरातच उमटते. मालकाच्या आधी आणि बऱ्याचदा डॉक्टरांच्याही आधी ती नालबंदाच्या नजरेस पडते, कारण खूर खालून बघणारा तोच असतो.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. तापीकाठच्या एका गावातून बोलावणं आलं. घोडी तांबूस कुमैत, पंचकल्याणी म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं, गळ्यावर देवमणाचा शुभ भोवरा. घरच्यांचा तिच्यावर फार जीव. मालकाची आई रोज सकाळी स्वतःच्या हातानं तिला गुळाचा खडा भरवायची. "आप्पा, घोडीले पाहा ना, नाल टोचत असंल," एवढंच मला फोनवर सांगितलं होतं. मी गेलो तेव्हा ती ठाणावर, तिच्या बांधायच्या जागी, उभी होती. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, मागचे पोटाखाली ओढलेले, सगळा भार मागे. एकदा असं उभं राहिलेलं घोडं पाहिलं की जन्मभर विसरता येत नाही. घोट्याच्या मागच्या बाजूला बोटं ठेवली तर नाडी ठणठण उडत होती. खूर हाताला गरम. पाय उचलायला गेलो तर तिनं अंग चोरलं, कारण एक पाय उचलायचा म्हणजे सगळा भार दुसऱ्या दुखऱ्या पायावर. नाल काढून तळवा जरा साफ केला, तेव्हा तळवा आणि कवच जुळतात तिथं कडेकडेनं जाणारी जी पांढरी रेघ असते, ती पुढच्या बाजूला रुंद झाली होती आणि तिच्यात जुन्या रक्ताचे तांबूस डाग होते. खिळ्याची चूक नव्हती. नालेचा काही संबंधच नव्हता. घोडी जखडली होती, डॉक्टरी भाषेत लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली पकड सुटण्याचा रोग.

मालक म्हणाले, असं कसं होईल, हिनं तर धान्याच्या पोत्यात कधी तोंड घातलं नाही.

इथंच घोडं पेंड खातं. घोडं सुटलं, बाजरीच्या कणगीत घुसलं, पोट फुटेस्तोवर खाल्लं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चारी पायांनी जखडलं, ही गोष्ट आपल्याकडे जुन्या माणसांना पक्की ठाऊक आहे. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानानं लहान, फार तर पंधरा लिटरचं. न पचलेलं पीठ मागच्या मोठ्या आतड्यात उतरतं, तिथं आंबतं, आंबल्यामुळं तिथले जिवाणू मरतात आणि त्यांचं विष अंगात भिनतं. हा अपघात एका रात्रीत होतो, म्हणून लोकांच्या ध्यानात राहतो. पण त्याच रोगाची दुसरी वाट आहे. ती वर्षानुवर्षं हळूहळू चालते, तिच्यात पोट फुगत नाही, जुलाब होत नाहीत, घोडं खाणं सोडत नाही. उलट ते चकाकतं, भरतं, लोक वळून बघतात. ही वाट लठ्ठपणाची आहे आणि तिच्याविषयी आपल्या मुलखात कुणी बोलत नाही.

माझी पुतणी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली. तिनं मला हे समजावून सांगितलं आणि मी खुरात जे बघत होतो त्याचा अर्थ लागला. घोड्यानं गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की त्याच्या अंगात इन्सुलिन सुटतं, माणसासारखंच. चरबी वाढलेल्या, ठाणबंद घोड्याचं अंग त्या इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, आणखी सोडतं. माणसात पुढं स्वादुपिंड थकतं आणि मधुमेह होतो. घोड्यात ते सहसा थकत नाही, रक्तात इन्सुलिनचा पूर चालूच राहतो. म्हणूनच रक्तातली साखर तपासली तर बहुतेकदा ती बरोबर येते आणि मालक निर्धास्त होतो. तपासायला हवं इन्सुलिन. २००२ साली अमेरिकेतले पशुवैद्य फिलिप जॉन्सन यांनी या सगळ्याला मिळून 'इक्वाइन मेटाबॉलिक सिंड्रोम' असं नाव दिलं : जागोजागी साठलेली चरबी, बिघडलेलं इन्सुलिन आणि त्यातून येणारा लॅमिनायटिस.

इन्सुलिननं पाय कसे बिघडतील, ही शंका मलाही होती. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अगदी निरोगी पोनींना, म्हणजे बुटक्या जातीच्या घोड्यांना, शिरेतून सतत इन्सुलिन दिलं, साखर मात्र घसरू दिली नाही. तीन दिवसांच्या आत त्या सगळ्या पोनींना चारी पायांत लॅमिनायटिस झाला. २०१० मध्ये तोच प्रयोग मोठ्या घोड्यांवर केला, तेव्हा दोन दिवसांत तेच झालं. ना विष, ना धान्य, ना पोटात बिघाड. फक्त इन्सुलिन.

खुराच्या आत काय असतं ते बहुतेक घोडेवाल्यांनी कधी पाहिलेलं नसतं, म्हणून सांगतो. खुराच्या कवचात एक हाड असतं आणि त्या पायावरचा सगळा भार त्या हाडावर येतो. पण ते हाड तळव्यावर टेकलेलं नसतं, कवचाच्या आतल्या भिंतीला टांगलेलं असतं. दोन वह्यांची पानं एकाआड एक घालून दाबली की त्या जशा ओढून सुटत नाहीत, तसे हाडावरचे आणि कवचाचे नाजूक पदर एकमेकांत गुंतलेले असतात. एकेका खुरात असे साडेपाचशे ते सहाशे पदर आणि प्रत्येकाला पुन्हा बारीक उपपदर. इन्सुलिनच्या पुरानं हे पदर ताणले जातात, लांबतात, त्यांची पकड सुटते. मग चारशे-साडेचारशे किलोचा देह टांगलेल्या हाडाला खाली ओढतो, हाडाचं टोक तळव्याकडे वळतं, आणि फारच झालं तर तळवा फोडून बाहेर येतं. ते मी पाहिलेलं आहे. त्यानंतर त्या घोड्यासाठी फारसं काही करण्यासारखं उरत नाही.

हे एकाएकी होत नाही, याची साक्ष खूरच देतो. खूर महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. पुढच्या टोकाशी वरची कड जमिनीपर्यंत उतरायला जवळजवळ वर्ष लागतं. त्या घोडीच्या खुरावर कडी, म्हणजे आडवी वळी उमटली होती, एकाखाली एक, टोकाशी जवळ जवळ आणि टाचेकडे फाकत गेलेली. अशी फाकलेली कडी म्हणजे मागच्या वर्षभरात पदरांना पुन्हा पुन्हा सौम्य मार बसला होता. तेव्हा घोडी लंगडली नव्हती. फार तर खडीच्या रस्त्यावर पावलं आखडती टाकत असेल, वळताना कुरकुरत असेल. तिला सांभाळणाऱ्या मोतद्दाराला विचारलं तर म्हणाला, हो, आळशी झाली होती जरा. आळस म्हणून जे खपवलं जातं, त्यातलं बरंचसं दुखणं असतं.

आता मेळ्याकडे येतो. सारंगखेड्याची यात्रा ही आमच्या भागाची शान आहे. तापीच्या काठी एकमुखी दत्ताच्या दर्शनाला येणारी माणसं आणि देशभरातून येणारी घोडी, दोन्ही तेवढीच महत्त्वाची. नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेचंही तसंच. माझ्या बालपणी ज्यांच्यामुळं घोड्यांची ओढ लागली ती माणसं मला याच यात्रेत भेटली. तेव्हा यात्रेवर टीका करण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण विकायला आणायच्या घोड्याला यात्रेआधी दोन-तीन महिने 'भरवायचं' हा रिवाज झाला आहे. रपेट बंद, ठाणावर बांधून ठेवायचं, मागच्या पायांना पिछाडीची दोरी, पुढं पाटी भरून धान्याची चंदी, वर गूळ-तूप. घोडं अंग धरतं, कातडी चकाकते, बरगडी बोटालाही लागत नाही, आणि भाव वाढतो. गिऱ्हाईक काय बघतं? रंग, कान, उंची, दात, भोवरे. भोवरा कुठं आहे यावरून घोडं शुभ की अशुभ ठरवणारी माणसं तासन्‌तास वाद घालतात. खूर उचलून तळवा बघणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. मग घोडं घरी जातं, नवा मालक तोच खुराक हौसेनं चालू ठेवतो, आणि काही महिन्यांनी माझ्यासारख्याला फोन येतो.

दुधाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. शिंगरू आईचं दूध पितं तोवर त्याला दुधातली साखर पचते. तीन वर्षांच्या पुढच्या घोड्याच्या आतड्यात ती पचवणारा रस जवळजवळ उरत नाही. लिटरनं पाजलेलं दूध मागच्या आतड्यात जाऊन आंबतं. घोडं गवत खाणारं जनावर आहे, दिवसातले सोळा-सतरा तास थोडं थोडं चरत हिंडण्यासाठी त्याचं शरीर घडलेलं आहे. दूध-अंडी-बदाम हा पैलवानाचा खुराक. पैलवान निदान रोज हजार जोर-बैठका मारतो.

शिवाय आपल्या देशी जाती काटक. मारवाड, काठेवाड हा कोरडा मुलूख, तिथं रुक्ष गवतावर आणि लांबच्या मजलांवर या जाती तयार झाल्या. आपली भीमथडी तट्टं आजही मेंढपाळांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन कळपासोबत रोज मैलोगणती चालतात. कमी खाऊन तगायचं हा त्यांच्या रक्तातला गुण. जगभरात या रोगाला जास्त बळी पडतात ती पोनी आणि अशीच काटक घोडी, शर्यतीची थरोब्रेड त्या मानानं कमी. तेव्हा आपल्या जातींना एका जागी बांधून साखर चारणं किती घातक असेल याचा विचार व्हायला हवा. सातपुड्यातल्या पाड्यांवर मी जी तट्टं बघतो, धान्याची गोणी घेऊन घाट चढणारी, त्यांच्या बरगड्या दिसतात म्हणून शहरातली माणसं हळहळतात. काही खरंच उपाशी असतात, त्यांना चारा हवा. पण त्यांचे खूर बघा. घट्ट, आखूड, पांढरी रेघ सुतासारखी. लाखो रुपयांच्या घोड्यांत असे खूर मला मोजकेच दिसतात.

हे वाचून कुणी म्हणेल, इथं वीटभट्टीवरची, टांग्याची घोडी-गाढवं हाडांची काडं होऊन मरताहेत आणि तुम्ही लठ्ठपणाचं काय घेऊन बसलात. भुकेलेल्या जनावराचं दुःख मोठं आहेच, त्यासाठी लढणाऱ्यांना माझा हात आहे. पण जखडलेल्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोडीला त्या वेदनेत काही सूट मिळत नाही, आणि ती वेदना तिला प्रेमापोटी दिलेली असते. मालकाला सांगितलं तर तो ऐकण्याची शक्यता जास्त, कारण त्याला घोडी हवी आहे.

वरातीच्या घोड्यांची तऱ्हा वेगळी. आषाढात लग्नं थांबतात. चातुर्मासभर घोडी बसून असतात आणि नेमकं तेव्हाच माळावर हिरवंगार, गोड गवत उगवतं. घोडी अंगानं सुटते. कार्तिकात तुळशीचं लग्न झालं की एकदम हंगाम, रोज रात्री डांबरावर दोन-दोन वराती, डीजेच्या भिंतीपुढं नाच, आणि वऱ्हाडी मंडळी कौतुकानं पेढा, जिलेबी, बुंदीचा लाडू तोंडात घालतात. मार्गशीर्षापर्यंत माझ्याकडे पहिली घोडी लंगडत येते. सगळे डांबराला दोष देतात. डांबर कठीण आहे, त्याचा त्रास होतोच, पण खुराची आतली पकड चार महिन्यांत ढिली झालेली असते आणि डांबर ती फक्त उघडी पाडतं. वऱ्हाडी मंडळींना माझं हात जोडून सांगणं आहे, घोडीला गोड देऊ नका. कौतुक करायचंच तर मानेवर हात फिरवा, तिच्या मोतद्दाराला चहा पाजा.

घोडं लठ्ठ आहे की भरलेलं, हे नजरेवर सोडू नये. नजरेला सवय लागते. त्यासाठी शिंप्याचा टेप पुरेसा आहे. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा, सेंटिमीटरमध्ये. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा, ११,८८० नं भागा. उत्तर किलोत येतं. उदाहरणार्थ घेर १८०, लांबी १५५, तर वजन सुमारे ४२३ किलो. दर पंधरवड्याला मोजून भिंतीवर लिहून ठेवलं तर वाढ कधी सुरू झाली ते कळतं. मोतद्दार लिहिणारा नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला हे काम द्या, ते आवडीनं करतं. याशिवाय हातानं चाचपायच्या जागा आहेत : मानेची वरची कड, खांद्यामागचा भाग, बरगड्या, शेपटीचं बूड. अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात हेनेके यांनी १९८३ मध्ये अंगाची स्थिती १ ते ९ अंकांत मोजायची पद्धत बसवली, ५ म्हणजे मध्यम, ७ च्या पुढं चरबी. मानेची वेगळी मोजणी आहे, ० ते ५. मान ३ च्या पुढं गेली, हाताला ती कडक लागू लागली, कलायला लागली, तर इन्सुलिनची तपासणी करून घ्यावी. मला स्वतःला मान जास्त सांगून जाते. अंगानं बेताचं दिसणारं पण मानेवर चरबी धरलेलं घोडंही जखडलेलं मी पाहिलं आहे.

मग करायचं काय? त्या घोडीचं सांगतो. मी त्या दिवशी नाल पुन्हा ठोकली नाही, मालकांना डॉक्टरांना बोलवायला लावलं. शेजारचा एकजण सांगत होता, फिरवा तिला, पाय मोकळे होतील. कुणी म्हणालं, शीर तोडा, रक्त काढा. कुणी डाग द्यायला निघालं. यातलं एकही करू नये. पकड सुटत असलेल्या खुरावर घोडं चालवणं म्हणजे हाड आणखी खाली ढकलणं. आम्ही नदीतली मऊ वाळू आणून ठाणावर वीतभर पसरली, बर्फाच्या फॅक्टरीतून लादी आणून पाय गार पाण्यात ठेवले. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं, एक्स-रे काढला, आणि हाड किती वळलंय ते बघून मी टोक आखूड केलं, टाचेला आणि तळव्याच्या मधल्या भागाला आधार दिला. एक्स-रे न बघता अशा खुरावर कानस चालवू नये, असं माझं पक्कं मत आहे. आणखी एक. सूज-दुखणं दाबायला आपल्याकडे स्टेरॉइडची सुई सर्रास टोचली जाते. इन्सुलिन बिघडलेल्या घोड्यात तिनं हा रोग भडकू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती कुणी टोचू देऊ नये.

खाण्याचं मात्र मालकाच्या हातात असतं. गूळ, ऊस, मळी, तूप, धान्य पूर्ण बंद. वाळलेलं गवत वजनाच्या दीड टक्का, म्हणजे सव्वाचारशे किलोच्या घोड्याला साडेसहा किलोच्या आसपास, दिवसात चार-पाच वेळा विभागून, बारीक भोकांच्या जाळीत भरून, म्हणजे खायला वेळ लागतो. ते गवत अर्धा-एक तास थंड पाण्यात भिजवून, पाणी ओतून द्यायचं. गवतातली साखर त्या पाण्याबरोबर बरीच निघून जाते. उन्हाळ्यात भिजवलेलं गवत लवकर आंबतं, तेव्हा लगेच चारावं. सोबत क्षारांचं मिश्रण आणि गरजेप्रमाणे थोडी प्रथिनं, ते डॉक्टर ठरवतील. पण लठ्ठ आहे म्हणून घोडं उपाशी ठेवू नका. ही चूक जिवावर बेतते. एकदम उपास पडला की अंगावरची चरबी लोंढ्यानं रक्तात उतरते, रक्त दुधाळ होतं, यकृत बंद पडतं. पोनी, तट्टं आणि गाढवं यांना तर हा धोका फारच मोठा. वजन महिन्या-महिन्यानं उतरवायचं. आणि पाय बरे झाले की डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोज चालणं, मग रपेट. जखडलेलं असताना नाही, बरं झाल्यावर.

त्या घरात सगळ्यात अवघड गेलं ते आजींना. घोडी खिडकीशी येऊन फुरफुरली की गुळाचा डबा उघडायची त्यांची जन्माची सवय. नातीनं तोडगा काढला, डब्यात भिजवलेल्या गवताची जुडी ठेवली. घोडी आजींच्या हातून ती खाते. आता चालते आहे, मऊ जमिनीवर. पूर्वीसारखी नाचेल असं मी म्हणणार नाही.

म्हाताऱ्या घोड्यांबद्दल एवढंच, की पंधरा वर्षांच्या पुढच्या घोड्याची लव उन्हाळ्यातही झडत नसेल, लांब कुरळी राहत असेल आणि पाठीचं मांस उतरत असेल, तर तो मेंदूखालच्या ग्रंथीचा वेगळा विकार असू शकतो. त्यातही इन्सुलिन बिघडतं आणि पाय जखडतात. त्याला औषध आहे. वय झालं म्हणून सोडून देऊ नये.

आता आपल्याकडे, यात्रेच्या संयोजकांकडे आणि पशुसंवर्धन खात्याकडे माझं मागणं आहे.

आपण ती खुराकाची चौकट छापणं बंद करावं. ती वाचून खेड्यातला हौशी मालक कर्ज काढून तूप चारतो, हे मी बघतो आहे. तिच्या जागी घोडं रोज किती चालतं, त्याचे खूर कुणी आणि कधी पाहिले, हे छापा. वाचकांना त्यात रस वाटणार नाही असं समजू नका. आपल्या मुलखात घोड्यावर प्रेम करणारा वाचक फार आहे.

संयोजकांनी सौंदर्य स्पर्धेच्या परीक्षकांना मानेची चरबी आणि खूर यांचे गुण वेगळे द्यायला सांगावं. चरबीनं मान कललेल्या घोड्याला बक्षीस मिळालं नाही, असं एक वर्ष जरी झालं तरी पुढच्या वर्षी भरवणं कमी होईल, कारण सगळा बाजार त्या बक्षिसाकडे डोळे लावून असतो. नोंदणीच्या वेळी घोडं कडक जमिनीवर वीस-पंचवीस पावलं दुडक्या चालीनं पळवून बघावं आणि दोन्हीकडे वळवून बघावं. जे घोडं वळताना पाय चोरेल त्याला नाचाच्या स्पर्धेत उतरवू नये. याला यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही. एक पशुवैद्य आणि एक जाणता नालबंद पुरे.

आणि खात्याला : जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात घोड्याच्या इन्सुलिन तपासणीसाठी रक्त घेऊन, ते थंड ठेवून, प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवण्याची सोय व्हावी. आज आमच्या भागातल्या मालकाला ही तपासणी करायची तर आधी कुठं जायचं हेच कळत नाही. यात्रेच्या दिवसांत एका तंबूत ही सोय ठेवली, तर एकाच ठिकाणी शेकडो घोड्यांचं रक्त घेता येईल आणि आपल्या देशी जातींत हा रोग किती पसरला आहे ते समोर येईल. त्या तंबूत छातीचा घेर मोजायला आणि खूर उचलून दाखवायला मी यात्रेचे सगळे दिवस विनामोबदला बसायला तयार आहे. माझ्या ओळखीचे दोन नालबंदही तयार आहेत. संयोजकांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. पुढच्या यात्रेसाठी घोडी भरवायला दसऱ्यापासून सुरुवात होते, तेव्हा हा निर्णय त्याच्या आधी जाहीर झाला तर त्याचा उपयोग.

आपला,
एक निवृत्त सैनिक नालबंद
दोंडाईचा, जि. धुळे